बर्फावरचा आळ

भाद्रपद लागला की माझ्या फोनवर दोन प्रकारचे निरोप सुरू होतात. पहिला डॉक्टरकीच्या नोंदणीचा: यंदाचे पॉइंट बाकी आहेत, भरा. दुसरा 'उत्तम क्षमा'चा. सांगलीत राहायचं आणि ओळखीत जैन माणसं नाहीत असं होत नाही. दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीचा दिवस येतो, आणि गुलाबी कमळाच्या चित्राखाली 'कळत-नकळत मन दुखावले असल्यास' असा मजकूर एका बोटाच्या फटक्यात दोनशे जणांना जातो. माझं मन ज्यांनी खरोखर दुखावलंय त्यांच्यातल्या एकानेही मला आजवर हे कमळ पाठवलेलं नाही. आणि मी ज्यांचं दुखावलं, त्यांना कमळ पाठवायची माझी छाती नाही.

पॉइंटसाठी परवा साताऱ्याला जाऊन आले. मी हाताची सर्जन. तुटलेली बोटं जोडते, कापलेल्या शिरा सांधते. एकदा परीक्षा पास झालं की संपलं असं नसतं. दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करायची, आणि त्यासाठी परिषदांना बसून पॉइंट गोळा करायचे. हायवेवरच्या हॉटेलातला गारठलेला हॉल, सकाळी एकदा मोबाईलने हजेरी, जेवणानंतर पुन्हा एकदा, कारण पनीर खाऊन पळणारे डॉक्टर आयोजकांना चांगलेच ठाऊक असतात. पडद्यावर एक जोडलेला अंगठा दाखवला. गुलाबी, टवटवीत. सगळे परिषदेत असेच अंगठे दाखवतात. माझ्या शेजारचा म्हणाला, "काय सुंदर रिझल्ट आहे!" मी म्हटलं, हो. आणि उठून बाहेर जाऊन उभी राहिले. हजेरी झाली होती, म्हणून बरं.

ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची. त्या भाद्रपदात मी तिसऱ्यांदा परीक्षेला बसणार होते.

हे तिसऱ्यांदा काय असतं ते आधी सांगते. एमबीबीएस झालं, मग सर्जरी झाली, मग त्यावरची ही सुपर स्पेशालिटी. लेखी एकदा पास झालं की प्रात्यक्षिकाच्या तीन संधी. समोर पेशंट ठेवतात, परीक्षक भोवती बसतात आणि विचारतात. तिन्ही संधी गेल्या की पुन्हा लेखीपासून. माझ्या दोन गेल्या होत्या. पस्तिशी ओलांडली होती. जतकडच्या आमच्या गावाहून आव्वा, म्हणजे आई, फोनवर विचारायची, "झालीस का गं डॉक्टर?"

"आव्वा, डॉक्टर कवाच झालेय."

"मग आता काय व्हायलीस?"

याचं उत्तर मला देता यायचं नाही. मी काम करायचे त्या दवाखान्याच्या पाटीवर बाकीच्यांच्या नावापुढे पदव्यांची शेपटं होती, माझ्या नावापुढे थोडी रिकामी जागा. दवाखाना ज्यांचा त्या सरांनीच पेंटरला सांगितलं होतं, जरा जागा सोड, लवकरच भरायची आहे. त्या जागेवर दोन पावसाळ्यांचे ओघळ उतरले होते.

राहायला मी अक्कांच्या घरात वरच्या खोलीत होते. अक्का म्हणजे घरमालकीण. सत्तरीच्या आत-बाहेरच्या, शेताकडे ऊस, घरात एकट्या, आवाज खणखणीत. खोली देताना अट एकच: "डॉक्टरीणबाई, आमचं जैनाचं घर. अंडंसुदीक जिना चडायचं न्हाई. बाकी तुमी काय पन करा." दशलक्षण सुरू झालं की त्या पहाटे पांढरं पातळ नेसून मंदिरात जायच्या, दिवसातून एकदाच जेवायच्या, बटाटा-कांदा तर सोडाच, पालेभाजीसुद्धा बंद. आणि पलीकडच्या चौकात त्याच दहा दिवसांत गणपती मंडळाचा भोंगा. खालून त्यांचं स्तोत्र, बाहेरून भोंगा, आणि मध्ये मी, पुस्तक उघडून एकाच पानावर तीन तास. पानावर काय लिहिलंय ते दिसायचं, पण आत जायचं नाही. केस विंचरले की कंगव्यात मूठभर यायचे. जेवण गळ्याखाली उतरायचं नाही. एकदा तर आंघोळीला जाताना टॉवेल समजून ॲप्रन घेऊन गेले आणि तोच अंगाला गुंडाळून बाथरूममध्ये बसून रडले.

आणि त्याच घरात, त्याच दहा दिवसांत, मी कोंबडीची तंगडी आणत होते.

खाण्यासाठी नव्हे. कोंबडीच्या मांडीत एक शीर असते, शेवईपेक्षा थोडी जाड. ती कापायची आणि केसाहून बारीक दोऱ्याने परत सांधायची, असा आमचा सराव. मी जुन्या बाजारातून एक सूक्ष्मदर्शक दुर्बीण घेऊन टेबलावर बसवली होती. स्टीलच्या डब्यात तंगडी, डबा पिशवीत, पिशवीवर ओढणी. खोलीत शिरताच उदबत्ती. झाल्यावर डबा तसाच परत न्यायचा आणि दवाखान्यामागच्या कुत्र्यांना घालायचा. गंमत अशी की या परीक्षेत कुणी टाके घालायला लावत नाही. सराव परीक्षेसाठी नव्हताच. माझा हात घाबरला होता, म्हणून होता. शिमग्याच्या आसपास माझ्या हातून एक अंगठा गेला होता, तेव्हापासून दुर्बिणीखाली माझी बोटं मलाच परकी वाटायची.

त्या अंगठ्याचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं काहीच खरं नाही.

कवठे महांकाळकडच्या एका गावात दूध डेअरीवर मी थंडीत एक भाषण दिलं होतं. वैरण कापायच्या कडबा कुट्टी यंत्रात बोटं जातात, त्या भागात हे नेहमीचं. दवाखान्याने मला पाठवलं होतं. क्रेटवर उभी राहून, हातात गाजर घेऊन मी सांगितलं होतं: तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड घट्ट बांधा, आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका, गोठतं, मग जोडता येत नाही. बायका गाजर बघून हसत होत्या. एकजण तेवढी हसत नव्हती.

तिचं नाव रंजना. शिमग्याच्या सुमाराला तिच्या नवऱ्याचा, मारुतीचा, उजवा अंगठा यंत्रात गेला. तिने ओल्या फडक्यात गुंडाळला, पिशवीत घातला, तोंड बांधलं, रसवंतीवाल्याकडून बर्फ आणला आणि पिशवी त्यावर ठेवली. मी शिकवलं तसं. तसूभरही चूक नाही. सर परगावी होते. मी एकटीने अंगठा जोडला, आणि तो गुलाबी झाला. रंजनाने माझे पाय धरायला हात पुढे केले, मी मागे सरले. काय वाटलं होतं मला तेव्हा! वाटलं, आता होऊ दे परीक्षा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला वॉर्डातल्या सिस्टरचा फोन आला. मॅडम, अंगठा निळसर दिसतोय. मी खोलीत होते, लॅपटॉपसमोर. परीक्षेच्या सरावाचा ऑनलाइन वर्ग होता, पुढचा नंबर माझा. निळा म्हणजे रक्त आत जातंय पण बाहेर येत नाही, बाहेर नेणाऱ्या शिरेत गुठळी झाली. लगेच उघडायचं असतं. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. मी म्हणाले, "आलेच." नंबर आला, मी उत्तरं दिली, बरी दिली. मग दुसऱ्याची ऐकत बसले. सहाला वॉर्डात पोचले. उघडून पाहिलं, पुन्हा सांधलं, परत गुठळी झाली. दोन दिवसांनी तो अंगठा मीच काढला.

मारुती काही बोलला नाही. रंजनाने विचारलं, "कशानं वो झालं?" आणि माझ्या तोंडून निघालं, "बर्फ जास्त लागला असणार. शिरा आतून खराब झाल्या." केसपेपरवरही तेच लिहिलं. लिहिताना अक्षर अगदी सुरेख आलं होतं, ते आठवतं.

वैशाखात दुसरी संधी. परीक्षकांनी विचारलं, अलीकडे तुमच्या हातून गेलेलं एखादं बोट सांगा. मी अंगठा सांगितला. ते म्हणाले, कसा आणला होता? मी म्हणाले, बर्फात. थेट बर्फात? हो म्हणावं तर पुढचा प्रश्न, मग असा गोठलेला अंगठा जोडायला घेतलातच कसा? नाही म्हणावं तर बर्फाचा दोष कसला? मी गप्प बसले. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. नापास. लोकांना वाटलं, हिला बोलता येत नाही. बोलता मला भरपूर येतं.

तर त्या भाद्रपदात अशी अवस्था. तिसरी संधी महिन्यावर आली होती, परीक्षक तोच प्रश्न विचारणार हे मला पक्कं माहीत होतं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं.

क्षमावाणीच्या दिवशी दुपारी अक्का जिना चढून वर आल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, वर कधी येत नसत. टेबलावर दुर्बीण, दुर्बिणीखाली तंगडी, शेजारी उघडा डबा. लपवायला वेळच मिळाला नाही. अक्कांनी एकदा तिकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. दाराच्या आत आल्याच नाहीत. उंबऱ्यावरच हात जोडले.

"बाळ, उत्तम क्षमा."

मी म्हटलं, "अक्का, अहो, मीच... ते डब्यातलं..."

"ते मला गनपती बसल्यापासनं म्हाईत हाय. उदबत्तीचा वास आमच्या घरात कुनाला शिकवायलीस? ऱ्हाऊ दे. माजं आईक आदी." त्या दम खात होत्या. "वास आला तसं माज्या मनात आलं, ही बया नापास होऊ दे, आन् खोली सोडून जाऊ दे. रोज आलं. देवाम्होरं बसले तरी आलं. काल तर हात जोडून मागितलं की गं मी. पर्वात. उपास करून. तुजं वाईट चितलं मी, मला क्षमा कर."

मला हसू आलं, आणि हसता हसता जे रडू फुटलं ते थांबेना. अक्का तशाच हात जोडून उभ्या. मी 'केली क्षमा' म्हणाले तेव्हाच त्यांनी हात खाली सोडले. मग म्हणाल्या, "आता ते घान खाली ने. जिना मी धुतीया. पुन्यांदा आनलंस तर सामान रस्त्यावर टाकीन." आणि खरोखर धुतला, पायरी न पायरी, पायरीगणिक मला शिव्या देत. त्या दिवशी त्यांनी मला जेवायलासुद्धा विचारलं नाही.

मी विचार करत राहिले. मनात आलेली गोष्ट, जी कुणाला कधी कळलीच नसती, ती सांगायला ही बाई दुखऱ्या गुडघ्यांनी सोळा पायऱ्या चढली. आणि मी? सहा महिने बर्फाच्या आड बसले होते. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि कवठे महांकाळची एसटी पकडली. वाटेत दोनदा उतरून परत फिरावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. समजा मारुतीने तक्रार केली तर? दवाखाना काढून टाकेल, परीक्षेला कोण बसू देईल? सीटची दांडी धरून बसले होते.

मारुती ओट्यावर बसला होता. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरलेला, कारण अंगठ्याशिवाय उजव्या हाताने कपाचा कान धरता येत नाही. त्याची आई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. रंजना गोठ्यात धार काढत होती. धार आधी मारुती काढायचा. मी बसलेसुद्धा नाही. म्हटलं, "मारुतीदादा, तुमचा अंगठा बर्फानं गेला नाही. माझ्यामुळं गेला. तीनला निळा पडल्याचा फोन आला, मी आलेच म्हणाले आणि सहाला गेले. परीक्षेच्या अभ्यासात होते. नंतर तुम्हाला खोटं सांगितलं."

मारुतीने कप दोन्ही तळव्यांनी खाली ठेवला. मग म्हणाला, "जाऊ द्या, बाई. आमच्या नशिबातच न्हवतं."

एक श्वासभर मला इतकं हलकं वाटलं, की त्या हलकेपणाची आजही लाज वाटते. कारण तेवढ्यात गोठ्याच्या दारातून आवाज आला.

"म्हंजी बर्फाचं न्हवतं?"

रंजना बादली घेऊन उभी होती. मी म्हटलं, "नव्हतं. तुम्ही अगदी बरोबर आणला होता."

तिने बादली खाली ठेवली. सावकाश, थेंब न सांडता. आणि नवऱ्याला म्हणाली, "ऐकलंसा?" मग सासूकडं वळून, "आत्याबाई, ऐकलंसा?" कुणी वर बघेना. मग ती माझ्याकडं वळली.

"सा म्हैनं झालं. भाकरी करपली तरी बर्फ. म्हस आटली तरी बर्फ. सुनंनं ल्योकाचा अंगठा गोठवला म्हनून गावभर झालं. पानी दिलं तरी इचारत्यात, गार न्हाई न्हवं? मी रोज घोकायची, फडकं वलं हुतं, पिशवी बांदली हुती. माजंच मला खरं वाटंना झालं. म्हनलं, बांदली नसंल बगा. पान्यात पडली असंल पिशवी. मीच घालवला असंल."

मी तिच्यासमोर हात जोडले. म्हटलं, मला माफ करा.

"हितं कशाला मागताय? आळ गावात हाय. सांच्याला डेअरीवर समदी येत्यात. तितं बोला."

माझा हात घाबरला होता म्हणाले ना मगाशी? ते काहीच नव्हतं. चार वाजल्यापासून सहा वाजेपर्यंत मी त्या ओट्यावर बसून होते, आणि बोलायची वाक्यं मनात जुळवत नि मोडत होते. चहा कुणी दिला नाही, आणि कुणाची चूकही नव्हती. सहाला डेअरी भरली. बादल्या, किटल्या, फॅट बघायचं यंत्र, रांग. मी त्याच क्रेटवर चढले. हातात गाजर नव्हतं. चार वाक्यं होती, ती बोलले. रंजनानं बरोबर केलं. अंगठा माझ्या उशिरानं गेला. मी 'आलेच' म्हणाले आणि तीन तास गेले नाही. बर्फाचं मी खोटं सांगितलं.

कुणी टाळी वाजवली नाही, कुणाचे डोळे पाणावले नाहीत. एक म्हातारा म्हणाला, "मग तुमी डाक्टर हाय का न्हाई?" एका पोराने मोबाईल वर धरला होता, तो त्याने तसाच धरून ठेवला. मागून कुणीतरी म्हणालं, "हिच्यावर केस पडती का रं?" रंजनाने दूध मापात ओतलं, पावती घेतली, माझ्या बाजूने निघून गेली. माझ्याकडे बघितलंही नाही. एसटीत मी खिडकीला डोकं लावून बसले आणि मनाशी म्हटलं, संपलं आपलं.

संपलं नाही, पण फुकटही सुटलं नाही. सरांना सांगितलं तेव्हा ते भडकले, "महिन्यावर परीक्षा आलीय, आणि हे कशाला उकरलंस?" मग केसपेपरवर तारखेसह दुरुस्ती करायला लावली, खाली स्वतः सही केली, आणि पुढे कितीतरी महिने मला एकटीने एकही बोट जोडू दिलं नाही. बरोबर केलं त्यांनी. रिकामं बसवलं की माणूस पुस्तक तरी वाचतं. परीक्षेत तो प्रश्न आला, दुसऱ्या परीक्षकाकडून, पण आलाच. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, कागदावर काय लिहिलं होतंत? म्हटलं, आधी खोटं, मग खरं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, पुढची केस घ्या.

पास झाले. पाटीवरची रिकामी जागा भरली. आव्वाला फोन केला, "झाले गं." ती म्हणाली, "काय झालीस?" मला तेव्हाही सांगता आलं नाही. अक्का आता नाहीत. त्यांच्या माघारी मला कुणी कमळाशिवाय क्षमा मागायला आलेलं नाही.

साताऱ्याच्या हॉलमधून परत आले ती थेट कवठे महांकाळला गेले, कारण दर भाद्रपदात मी त्या डेअरीवर जाते. त्याला पॉइंट मिळत नाहीत. पहिल्या वर्षी बोलावलं नव्हतं, तरी गेले होते. आता बोलावतात. गेली काही वर्षं भाषण मी करत नाही, रंजनाच करते. मी नुसती बाजूला उभी. धार अजून तीच काढते, मारुतीला डाव्या हाताने जमत नाही. तिने 'माफ केलं' असं कधी म्हटलेलं नाही, आणि मी पुन्हा विचारलेलं नाही.

परवाही तिने गाजर घेतलं, ओलं फडकं गुंडाळलं, पिशवीत घातलं, तोंड बांधून पिशवी उलटी करून सगळ्यांना दाखवली. थेंब गळला नाही. बर्फावर ठेवली. नव्या सुना पुढे बसल्या होत्या, त्यांच्याकडे बघत म्हणाली:

"हितपातूर आपलं काम. ते नीट केलं की कुनाच्या बाचं ऐकून घ्यायचं न्हाई. आन् दवाखान्यात गेल्यावर गप बसायचं न्हाई. तासातासाला रंग बगायचा. निळा पडला की डॉक्टरला बलवायचं. 'आलेच' म्हनली, तर तिच्या दारात जाऊन बसायचं आन् आरडायचं. ती उटूस्तवर आरडायचं."